तळखडे उघडे पडले तेव्हा

वाड्याचं काय करायचं, या प्रश्नाला आमच्या घरात पंधरा वर्षं दोनच उत्तरं होती. एक म्हणजे बिल्डरला देऊन मोकळे व्हा. दुसरं म्हणजे आहे तसा राहू दे, आपल्यानंतरचे बघतील. 2017 च्या मे महिन्यात दिंडी दरवाजावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली आणि दुसरं उत्तर संपलं.

वाडा पुण्यात, शनिवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. 1986 मध्ये लग्न होऊन मी इथे आले तेव्हा एका चौकाभोवती नऊ बिऱ्हाडं नांदत होती. खाली देवडी, ओसरी, माजघर. वर दिवाणखाना आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. मागे परस आणि आड. एकूण चोवीस सागवानी खांब. त्यांतले चौकाभोवतीचे बारा सुरूच्या झाडाच्या घाटाचे, वर केळफुलं आणि दोन खांबांमध्ये लाकडी महिरपी. भिंती भेंड्यांच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या. 2017 पर्यंत दोन बिऱ्हाडं उरली होती: आम्ही, आणि चौकापलीकडचे काका, ज्यांच्या वडिलांनी ती खोली स्वातंत्र्याच्या आधी भाड्याने घेतली होती.

सासूबाई पानशेतच्या पुराची गोष्ट नेहमी सांगायच्या. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं आणि पाणी माजघरात पुरुषभर चढलं. ओसरल्यावर पाहिलं तर मागची भिंत चिखल होऊन बसली होती, पण तिच्यावरचा मजला जागच्या जागी होता. याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. मला त्याचं कारण सत्तावन्न वर्षांनी कळलं, आणि ते कळेपर्यंत आम्ही एक मोठी चूक करून बसलो होतो.

नोटिशीने आम्ही घाबरलो होतो. पावसाळा तोंडावर होता. जो ठेकेदार पहिल्यांदा भेटला त्याने पूर्वेची भिंत सोलून तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला, वर वॉटरप्रूफ रंग मारला. भिंत इतकी सपाट आणि नवी दिसायला लागली की काम फत्ते झालं असं आम्हाला वाटलं. त्याच पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले. ऑगस्टमध्ये एका रात्री हातभर रुंदीचा पापुद्रा सुटला आणि येताना आतली मातीही घेऊन आला. सकाळी भिंतीत हात घातला तर भेंडे लोण्यासारखे मऊ लागले. जोत्यातून वर चढणारी ओल पूर्वी भिंतीच्या दोन्ही अंगांनी सुकून जायची, ती आता सिमेंटच्या मागे कोंडली होती. ठेकेदाराने पैसे परत दिले नाहीत, फोनही घेतला नाही. त्याच्यावर मी पुष्कळ दिवस चिडून होते. पण त्याला काम देताना आम्ही त्याच्या हातचं एकही मातीचं घर पाहिलं नव्हतं, हेही खरं.

त्यानंतर आम्ही जुन्या इमारतींचंच काम करणाऱ्या एका स्ट्रक्चरल इंजिनियर बाईंना गाठलं. त्या दोन दिवस हातात लाकडी हातोडी घेऊन वाडाभर फिरल्या. प्रत्येक खांबावर पायापासून डोक्यापर्यंत टकटक करायच्या आणि आम्हाला ऐकायला लावायच्या. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की तिथे सळई टोचून पाहायच्या. अकरा खांबांत सळई मुठीपर्यंत आत गेली. पण सगळ्यांच्या तळाशीच, वीतभर उंचीपर्यंत. त्याच्या वर तेच लाकूड इतकं टणक की सळईचं टोक वाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, “ताई, इथे पुढे काय करायचं ठरलंय?”

धाकटे दीर म्हणाले, “आधी दुरुस्ती होऊ दे. मग ठरवू.”

“मग मी आकडे कशाचे काढू?” त्या म्हणाल्या. “घर म्हणून दुरुस्त करायचा असेल तर वरच्या मजल्यावर चौरस मीटरला दोनशे किलो धरेन. पुस्तकांच्या मांडण्या ठेवणार असाल तर सहाशे. लोक बसून जेवणार असतील तर आणखी वेगळं. वाडा एकच आहे, पण दुरुस्ती तीन तऱ्हांची आहे.”

ही गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. आधी इमारत वाचवायची आणि मग तिला कामाला लावायची, असा आम्ही क्रम धरला होता. खरा क्रम उलटा होता. कोणतं काम तिला झेपेल हे ठरवणं हाच दुरुस्तीचा पहिला आणि सगळ्यात अवघड भाग होता. त्यावर आमचे पुढचे पाच महिने गेले, आणि आज मागे पाहताना ते पाच महिने सत्कारणी लागले असंच मला वाटतं.

दिरांच्या मनात हॉटेल होतं. वाड्यातलं जेवण, चौकात टेबलं, पितळी ताटं. पुण्यात अशा जागा चालतात हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हॉटेल म्हणजे दिवसभर पाणी, वाफ, तेलाचा धूर आणि गॅस. कडीपाटाच्या तक्तपोशीला, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताला, तेलकट धूर बसला की तो निघत नाही, आणि भांडी घासायची जागा भेंड्यांच्या भिंतीला लागून असली की भिंतीचं काय होतं ते आम्ही नुकतंच पाहिलं होतं. नणंदेने बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी खोल्या काढायचं सुचवलं. मला ते आवडलंही होतं. मग कागदावर मांडून पाहिलं. वर सहा खोल्या, म्हणजे सहा संडास-न्हाणी, म्हणजे लाकडी मजल्यातून खाली उतरणारे सांडपाण्याचे सहा नळ. त्यांतला एक जरी गळला तरी तो कळणार कधी, तर कडी कुजून वाकल्यावर. मी ते कागद बाजूला ठेवले.

अभ्यासिकेचं सुचवलं काकांनी. आमच्या पेठांमधून स्पर्धा परीक्षेची हजारो मुलं राहतात. बीड, परभणी, लातूर, नंदुरबार कुठून कुठून येतात, कॉट बेसिसवर एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि दिवसाचे बारा-चौदा तास एखाद्या अभ्यासिकेत बसतात. बऱ्याच अभ्यासिका तळघरात नाहीतर पत्र्याखाली. काका म्हणाले, “सूनबाई, बसायला जागा आणि वर पंखा, एवढंच लागतं त्या पोरांना. पाणी सांडत नाहीत, चूल पेटवत नाहीत. वाड्याला याहून हलकं बिऱ्हाड मिळायचं नाही.”

आणि पुण्यात वाड्याने शाळा सांभाळणं नवं नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या विश्रामबाग वाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती भिडेवाड्यात. 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल भरली तीही मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात. राहण्यासाठी बांधलेल्या दिवाणखान्यात फळा टांगायचा आणि मुलांना ओळीने बसवायचं, एवढ्यावर या शहराची अर्धी विद्या उभी राहिली. विश्रामबाग वाडा 1879 ची आग सोसून आजही उभा आहे, आणि त्याच्या आत गेल्या दोनशे वर्षांत शाळेपासून सरकारी कचेरीपर्यंत काय काय नांदून गेलं. भिडेवाडा 2023 च्या डिसेंबरात एका रात्रीत पाडला गेला. तिथे स्मारक व्हायचं आहे. ते व्हायलाच हवं. पण त्या रात्रीनंतर सकाळी रस्त्यावरून जाताना मोकळी जागा पाहिली आणि माझा पाय तिथून हलेना. त्याच्या आधीच्या कित्येक वर्षांत तिथे पोरींची एखादी शाळा, एखादं वाचनालय, काहीतरी रोज उघडत असतं तर त्याची ती अवस्था झाली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

घरच्यांच्या सह्यांचं थोडक्यात सांगते. प्रॉपर्टी कार्डावर सात हिस्सेदार, त्यांतले दोन अमेरिकेत. त्यांची मुखत्यारपत्रं यायला चार महिने लागले. ज्यांना पैसा हवा होता त्यांना आम्ही हप्त्याने हिस्सा द्यायचं ठरवलं. एका बँकेत कर्ज मागितलं, तर इमारतीचं वय ऐकून फाईल परत आली. शेवटी नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे, माझे थोडे दागिने आणि नणंदेची मदत यांवर काम उभं राहिलं. काकांशी करार झाला तो असा, की काम चालू असेतो त्यांच्या दुसरीकडच्या जागेचं भाडं आम्ही भरायचं आणि काम संपल्यावर त्यांची खोली त्यांना परत.

2018 ची दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. पहिला घाव फरशीवर पडला.

अकरा खांब तळाशीच का कुजले, याचं उत्तर इंजिनियर बाईंना माहीत होतं, पण त्यांनी ते आम्हाला डोळ्यांनी पाहू दिलं. ओसरीवर शहाबादी फरशी होती. ती काढल्यावर खाली सिमेंटचा कोबा निघाला. तो फोडल्यावर जुन्या चौकोनी लाद्या, त्यांच्या खाली चुन्याचा कोबा, आणि मग माती. दर पिढीने जुनी जमीन न काढता तिच्यावरच नवी घातली होती. जवळजवळ नऊ इंच. आणि त्या नऊ इंचांच्या खाली, प्रत्येक खांबाच्या पायाशी, काळ्या दगडाचा घडीव तळखडा होता. कमळाच्या पाकळ्या कोरलेला. एकूण चोवीस. मी त्या घरात बत्तीस वर्षं वावरले होते. ओसरी रोज पुसली होती. माझ्या पायाखाली कमळं आहेत हे मला माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नव्हतं.

ज्याने वाडा बांधला त्याने लाकूड जमिनीला टेकू नये म्हणूनच तो दगड मध्ये ठेवला होता. आम्ही जमीन वर चढवत नेली आणि लाकडाचा पाय ओल्या फरशीत गाडला. मग रोज दोन वेळा बादलीभर पाण्याने ती फरशी धुतली. वाळवी नंतर आली, ती मऊ झालेल्या लाकडात शिरली. त्या दिवशी मला घरातल्या सगळ्या बायकांच्या कष्टांची आठवण झाली. किती निगुतीने आम्ही ती ओसरी लख्ख ठेवत होतो.

सुतार सिन्नरकडचे होते, वडील आणि दोन मुलगे. कुजका पाय कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा बसवायचा, हे त्यांचं काम. ते करताना वरची तुळई तोलून धरावी लागते, कारण मजल्याचा भार भिंतींवर नसतो, खांबांवर आणि तुळयांवर असतो. पुरात मागची भिंत बसली तरी मजला जागच्या जागी का राहिला, ते मला तेव्हा कळलं. एकेका खांबाच्या दोन्ही बाजूंना धिरे, म्हणजे टेकू, लावायचे, खाली जॅक ठेवायचे आणि तुळई केसभर उचलायची. केसभरच. त्याहून जास्त उचललं तर वरच्या भिंतीला चीर जाते. सुतारमामा जॅकचा दांडा फिरवताना कुणाला बोलू द्यायचे नाहीत. तुळईतून एक बारीक कुरकुर यायची, ती आली की थांबायचे. मग करवतीने तिरका काप घेऊन कुजलेला पाय वेगळा करायचा, नव्या तुकड्यालाही तसाच तिरका काप द्यायचा, दोन्ही एकमेकांत बसवून आरपार लाकडी मेखा मारायच्या. एका खांबाला चार दिवस लागायचे. सांधा लपवायचा नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. नवं काय आणि जुनं काय ते पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. त्यामुळे आजही खांबांच्या पायाशी तो फिकट तुकडा दिसतो. येणारी मुलं त्यावर बोट फिरवून पाहतात.

वरच्या मजल्यावर आणखी एक ओझं सापडलं. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, हे मूळचं. पण त्यावर कुणी तरी सिमेंटचा कोबा आणि फरशी घातली होती, आणि दोन ठिकाणी विटांच्या भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या. ते सगळं काढून खाली उतरवायला तीन आठवडे लागले. इंजिनियर बाईंचं गणित सरळ होतं: जेवढा भार काढू तेवढी माणसं बसवू. वरती छत्तीस मुलं, भिंतीच्या कडेने, मध्ये मोकळं. पुस्तकांची कपाटं सगळी खाली, जमिनीवर.

रंगाच्या बाबतीत मात्र माझंच चुकलं. खांबांवर ऑइलपेंटचे सात-आठ थर होते, हिरवा, चॉकलेटी, मध्येच गुलाबी. ते लवकर निघावेत म्हणून मी एका रंगाऱ्याला ज्योतीचा पंप वापरायला होकार दिला. दुपारी उशिरा पाहिलं तर एका महिरपीची वेलबुट्टी जळून काळी पडली होती. दोन वितींचा तुकडा, पण तो परत येणार नाही. त्यानंतर रसायन लावून, थर मऊ झाला की बोथट पात्याने हाताने खरवडून काढला. त्याला सात महिने लागले. मी स्वतः रोज दोन तास ते काम केलं. काळी पडलेली महिरप तशीच ठेवली आहे.

भिंतींसाठी चुना हवा होता. परसात विटांचा हौद बांधला, चुनकळी आणून त्यात विरवली. कळीवर पाणी पडलं की ते उकळतं, हे मी पुस्तकात वाचलेलं, पण समोर उभं राहून त्याची धग घेणं वेगळं. विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका मऊ आणि चिवट. वाईकडून आलेले गवंडी त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून तो चुन्याच्या घाण्यात मळायचे. गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा त्यांनी आपल्या अंदाजाने घातला; मी माप विचारलं तर थोरले गवंडी म्हणाले, “बोटाला कळतं, वहिनी.” मी त्यांच्याबरोबर बसून सहा दिवस बोटाला कळेपर्यंत पाहिलं आणि मग एका वहीत मापं लिहून ठेवली, कारण त्यांच्या मुलाने या कामात यायचं नाही असं ठरवलं आहे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गवंडी कसेबसे गावी पोचले. पूर्वेच्या भिंतीचं सिमेंट खरवडून झालं होतं, ती उघडी होती, आणि हौदात चुना पडून होता. तो पावसाळा मी प्लास्टिकचे कागद बांधण्यात आणि सोडण्यात काढला. पाऊस आला की बांधायचे, ऊन पडलं की भिंतीला वारा लागावा म्हणून सोडायचे. त्या वर्षाचं एकच चांगलं झालं. नोव्हेंबरात गवंडी परतले, हौदावरचं पाणी बाजूला करून त्यांनी चुन्यात हात घातला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. आठ महिने मुरलेला चुना त्यांनी त्याआधी एकदाच पाहिला होता. आमच्या पूर्वेच्या भिंतीला तोच लागला आहे. सिमेंटसारखा तो एका रात्रीत कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत घेत घट्ट होतो. तोवर गोणपाट ओलं करून त्यावर टांगावं लागतं. आडाचं पाणी त्या कामाला आलं.

संडास आणि पिण्याच्या पाण्याची जागा मुख्य वाड्यापासून सुटी, परसात बांधली. कुठलाही नळ लाकडाच्या जवळून जात नाही. जुना जिना भिंतीच्या जाडीतून जाणारा, एका वेळी एकच माणूस चढेल असा. आग लागली तर छत्तीस मुलं त्यातून उतरायची नाहीत. म्हणून मागच्या बाजूने लोखंडी जिना दिला. तो दिसायला चांगला नाही. दिरांना तो अजून खुपतो. मला नाही खुपत. विजेच्या तारा भिंतीत खोबणी न पाडता वरून नळ्यांतून नेल्या, कारण भेंड्यांच्या भिंतीत खाच पाडली की ती तिथूनच झिजते.

जानेवारी 2022 मध्ये अभ्यासिका सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मुलांनी तीन गोष्टी मागितल्या: प्रत्येकाला वेगळा कप्पा, लॅपटॉपचा प्लग आणि एसी. कप्पे हलक्या प्लायचे करून दिले, प्लग होतेच. एसीला नाही म्हटलं. पहिल्या उन्हाळ्यात मुलं दुपारी खालच्या माजघराकडे सरकायला लागली, कारण हात-दीड हात जाडीच्या भिंतींमागे पंख्यावरही बरं वाटतं. मग वरच्या मजल्यावर चौकाकडच्या झडपा उघड्या ठेवायचं त्यांनीच ठरवलं. लाकडी जमिनीवर पावलं वाजतात म्हणून चपला देवडीत काढायच्या, हेही त्यांचंच. फीमधून वीज, सफाई, एका मुलाचा पगार आणि दरवर्षीची डागडुजी निघते. आम्ही घातलेले पैसे त्यातून परत यायचे नाहीत, आणि खर्च नव्या बांधकामापेक्षा कमी झाला असंही मी कुणाला सांगत नाही. बराचसा पैसा सामानात गेला नाही, माणसांच्या हातात गेला.

हल्ली लोक आपापल्या वाड्यांबद्दल विचारायला येतात. मी त्यांना आधी फरशी किती वेळा बदलली ते विचारते आणि ओसरीच्या कोपऱ्यात एक हात खणून बघायला सांगते.

काका त्यांच्या खोलीत परत आले. वर्तमानपत्र मात्र अभ्यासिकेत बसून वाचतात, अकरा ते एक, खिडकीजवळच्या जागेवर. ती जागा मुलं त्यांना ठेवतात.

पश्चिमेच्या सोप्यातले दोन खांब अजून धिऱ्यांवर आहेत. तिथे पाणी कुठून येतं ते सापडत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीच्या पार्किंगचा उतार आमच्या जोत्याकडे आहे हे लक्षात आलं. शेजारी चर खणू द्यायला तयार झाले आहेत. सुतारमामांना निरोप गेला आहे, दिवाळीनंतर येतो म्हणाले. तोवर त्या कोपऱ्यात दोरी बांधून ठेवली आहे आणि तिथली चार टेबलं आम्ही काढून घेतली आहेत.